बांबूची सायकल

नणंदेला घरात सगळे बांबू म्हणत, कारण कुठल्याही दारातून आत येताना ती सवयीने मान वाकवायची. कॉलेजात असताना तिने सायकलच्या शर्यती गाजवल्या होत्या. पुढे गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी सायकल बंद केली, तेव्हा तिने आपली निळी स्टीलची रेसिंग सायकल आणून वहिनीच्या व्हरांड्यात लावली. "पडून गंजण्यापेक्षा तू चालव," म्हणाली आणि चहाला न थांबता निघून गेली.

वहिनी औषधांच्या दुकानात कामाला होती. चाळिशी उलटली तशी तिने एक गोष्ट मनावर घेतली होती. शहराबाहेरच्या टॉवरच्या टेकडीवर, मध्ये एकदाही पाय न टेकवता सायकलने चढून जायचं. पण सायकल तिला सुखाने बसू देईना. थोडं अंतर गेलं की करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायचं, मान आखडायची. जांघेत टोचतं म्हणून तिने सीटचं टोक खाली वाकवलं, तर ती घसरत पुढे येऊ लागली आणि सगळा भार हातांवर पडला. एकदा दुकानात खोकल्याच्या औषधाची बाटली तिच्या बोटांतून निसटली. फरशी पुसतापुसता मालकीण म्हणाली, "बाई, हात दाखवून घे कुणाला तरी."

घरी नवरा म्हणाला, "विकून टाक ना. कशाला जिवाला घोर?"

"विकायची नाही. बसवायची आहे."

रविवारी तिने बांबूला बोलावून घेतलं. बांबूने तिला भिंतीला टेकून सायकलवर बसवलं आणि नुसती बघत राहिली. मग पाना घेतला. सीट सपाट केली आणि वर घेतली, इतकी की पेडलवर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. वहिनीने एक फेरी मारली. मांड्यांना आराम वाटला, पण कोपर अजूनही ताठच राहत होते.

"हँडल लांब पडतंय," वहिनी म्हणाली. "हा पुढचा दांडा बदलायला हवा. आखूड आणि उंच घालायचा."

बांबूने पाना खाली ठेवला. "स्टेम नाही बदलायचा. तो सायकलसोबतचाच आहे. सवय होईल तुला."

"किती दिवस झाले, होत नाहीये."

"मग नवीन सायकल घे. दुकानात ढिगाने मिळतात."

वहिनी सायकलवरून उतरली. "बांबू, तू ही मला दिलीस का ठेवायला दिलीस? ठेवायला दिली असशील तर आज संध्याकाळी पुसून परत आणून देते, मला वाईट वाटणार नाही. दिली असशील तर मला माझ्या मापाची करू दे."

बांबू हँडलवरची विरलेली पट्टी अंगठ्याने चाचपत राहिली. आत नवऱ्याने रेडिओचा आवाज बारीक केला.

"तेल आण," शेवटी ती म्हणाली. "तो स्टेम सुखासुखी निघायचा नाही. माझा घाम मुरलाय त्यात."

खरंच निघेना. तेल सोडलं, वाट पाहिली, पुन्हा सोडलं. वहिनीने पुढचं चाक गुडघ्यांत आवळून धरलं आणि बांबूने हँडल पिळलं. जेवायची वेळ टळून गेली. नवरा बाहेर येऊन म्हणाला, "मी मदत करू?" दोघी एकदमच "नको" म्हणाल्या. बांबूने वरच्या बोल्टवर लाकडी ठोकळा धरून हातोडीचे घाव घातले. आतून कुरकुर झाली आणि गंजाचा भुगा सांडत स्टेम पाव इंच फिरला. मग हिसके देत देत बाहेर आला. बांबूने तो फडक्यात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

सायकलच्या दुकानातून आणलेला आखूड स्टेम बसवून झाल्यावर बांबूने सहज टांग टाकून पाहिली. तिचे गुडघे हँडलला लागले. "छे, भातुकलीतली वाटते," म्हणत ती उतरली आणि हसताहसता तिने नाक पुसलं.

पुढच्या रविवारी वहिनी पहाटे निघाली. टेकडीच्या पायथ्याशी तिने हलका गिअर टाकला. पहिल्या वळणालाच दम लागला, दुसऱ्याला मांड्या पेटल्या. टॉवर दिसायचा आणि पुन्हा झाडांआड जायचा. मागून आलेला दुधाचा टेम्पो हॉर्न देत पुढे गेला. एका उभ्या चढावर सायकल इतकी मंदावली की चाक डगमगायला लागलं. उतरावं, असं पाय म्हणाले. ती उतरली नाही. कोपर सैल सोडले, दात आवळले आणि एकेक पेडल ढकलत राहिली.

वर पोचल्यावर टॉवरच्या कुंपणाला धरून ती बराच वेळ धापा टाकत उभी होती. मग हात समोर धरून तिने बोटं उघडली, मिटली. दहाही बोटं जागी होती. पाठीत मात्र कमरेच्या जरा वर एक जागा ठसठसत होती.

तिने बांबूला फोन लावला. "चढले. पाय टेकवला नाही."

पलीकडून बांबूने विचारलं, "दुखतंय कुठे?"

"कमरेत, थोडं."

"सीट केसभर मागे गेली असेल. संध्याकाळी येते. पाना काढून ठेव."