डेलिरियम : शून्य

मुलांच्या अतिदक्षता विभागातल्या मोठ्या सिस्टरला विभागप्रमुखांचा राग येत नसे. राग यायला समोरच्याबद्दल थोडा तरी आदर लागतो, असं तिचं मत होतं. तिला त्यांची नुसती कीव यायची, आणि ड्यूटीवर असताना तेवढीही सवड क्वचितच मिळायची.

त्यांनी गुंगीच्या गॅसचं यंत्र आणलं, तेव्हापासून ती मनातल्या मनात त्यांना 'गॅसवाले' म्हणू लागली. यंत्र कसलं, व्हेंटिलेटरच्या नळीत बसवायचं मुठीएवढं खोकं. ऑपरेशनच्या वेळी भूल देतात तो गॅस त्यातून श्वासाबरोबर मुलाच्या आत जायचा. यंत्रात खोट नव्हती, हे ती कबूल करायची. शिरेतल्या औषधांना दाद न देणारी मुलंही त्यानं निवांत व्हायची. खोट होती ती गॅसवाल्यांच्या डोक्यात. मूल हललं नाही म्हणजे मूल बरं आहे, एवढंच त्यांचं शास्त्र. पाहुणे आले की त्यांना खाटांमधून फिरवत ते म्हणत, "बघा, एक तरी मूल रडतंय का?" जणू दुकानातले फ्रीजच दाखवताहेत.

झिपरी आली ती दम्याचा झटका घेऊन. सहा वर्षांची पोर. घरचं हे नाव आईनंच सांगितलं. छाती इतकी आवळलेली, की व्हेंटिलेटरलाही हवा आत ढकलता येईना. गॅसनं ती छाती सुटली. त्या दिवशी गॅसवाल्यांचं कौतुक सिस्टरनंही केलं, अर्थात त्यांच्यामागे.

सहा दिवसांनी गॅस बंद केला. सकाळी झिपरीनं डोळे उघडले. घशात नळी होती, त्यामुळे आवाज नव्हता. ती पांघरुणावरून काहीतरी वेचून काढत होती, एकेक करून, आणि पांघरुणावर काहीच नव्हतं. आई वाकली तशी ती दचकून मागे सरली.

"सिस्टर," आई म्हणाली, "ती माझ्याकडे बघतेय, पण मी तिला दिसतच नाहीये."

सिस्टरनं आठ प्रश्नांचा फॉर्म काढला. मूल नजरेला नजर देतं का, त्याच्या हालचालींना काही अर्थ आहे का, समजावलं तर शांत होतं का, असे साधे प्रश्न. नऊ किंवा जास्त गुण आले तर मूल भ्रमात, म्हणजे डेलिरियममध्ये आहे असं समजायचं. झिपरीचे सतरा आले.

राउंडला आलेल्या गॅसवाल्यांनी फॉर्मकडे पाहिलंही नाही. "लाडावलेली आहे. नाटकं करतेय. लावा परत थोडा गॅस."

"नाटकाला समोर प्रेक्षक दिसावे लागतात, सर. हिला आई दिसत नाहीये."

शिकाऊ डॉक्टर आपापले बूट न्याहाळू लागले.

"असले कागद भरायला तुम्हाला वेळ कुठून मिळतो?"

"मुलांकडे बघता बघता मिळतो, सर."

ते मीटिंगला निघून गेले. एक शिकाऊ डॉक्टरीण तेवढी मागे रेंगाळली. "गॅस लावायचा का, सिस्टर?"

"डॉक्टर तुम्ही. पण आधी हे वाचा."

डॉक्टरिणीनं वाचलं, आणि मग औषधांचा तक्ताही वाचला. गॅस सुरू होण्याआधीचं झोपेचं औषध, ज्यानं भ्रम वाढतो तेच, शिरेतून अजून ठिबकत होतं. ते उतरवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं गॅसवाल्यांना फोन लावला. "तुम्हीच बघा," ते म्हणाले. मीटिंगमध्ये असले की ते सगळ्यांवर विश्वास टाकत. तिनं गॅस लावला नाही, उलट ते औषध टप्प्याटप्प्यानं कमी करायला घेतलं.

सिस्टरनं पडदा सारला, खिडकीतला उजेड आत घेतला आणि आईला विचारलं, "घरी हिला काय लागतं?"

"चष्मा," आई म्हणाली. "जाड आहे. माझ्या पिशवीतच आहे. कुणी मागितलाच नाही."

सिस्टरनं तो मागून घेतला. सकाळपासून ती स्वतः त्या पोरीला 'आईला ओळखतेस का' म्हणून विचारत होती. गॅसवाल्यांना हसताना आपलीही अक्कल गहाण पडली होती, हे तिला झोंबलं.

चष्मा लावला म्हणून जादू झाली नाही. वेचणं आणखी दोन दिवस चाललं, पण कमी कमी होत गेलं. तिसऱ्या दिवशी नळी निघाली. झिपरी घोगऱ्या आवाजात पहिल्यांदा बोलली, "आई, तुला तोंडच नव्हतं." आईनं तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढला. ते नियमात नव्हतं; सिस्टर तेवढ्यात सलाइनची बाटली बघू लागली.

पुढच्या आठवड्यात झिपरी घरी गेली, आणि दोन दिवसांनी विभागाच्या बैठकीत गॅसवाल्यांनी पडद्यावर आकडे दाखवले. गॅसवरची मुलं : एकवीस. डेलिरियम : शून्य.

सिस्टर उभी राहिली. "किती मुलांना तपासलं, सर?"

"तशी कुणाची तक्रार नाही."

"घशात नळी असताना तक्रार कशी करायची?"

मागून कुणीतरी हसलं. तिनं टेबलावर फॉर्म ठेवले. एकवीसपैकी तिला अकराच तपासता आली होती, त्यातली पाच भ्रमात. गॅसवाल्यांनी ते न वाचता फायलीत घातले आणि पुढचं चित्र लावलं.

सोमवारी नोटीस लागली : प्रत्येक पाळीत प्रत्येक मुलाचा आठ प्रश्नांचा फॉर्म भरणं सक्तीचं, विभागप्रमुखांच्या संकल्पनेतून. डॉक्टरीण संतापली. "तुमचं काम आहे हे."

"घेऊ दे नाव. त्यांना नाव हवंय, मला फॉर्म हवाय."

महिन्यानं गॅसवाल्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. गॅसवरच्या आणि बिनगॅसच्या, सगळ्याच मुलांचे आकडे त्यांच्यासमोर होते, आणि ते शून्याच्या जवळपासही नव्हते. "हे जरा कमी दाखवता येतील का?"

"दाखवता येणार नाहीत, सर. करता येतील. त्याला राउंडला पाच मिनिटं जास्त थांबावं लागेल."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. ती बाहेर आली. तीन नंबरच्या खाटेवर कालच नळी घातलेलं बाळ होतं. तिनं त्याच्या आईला जवळ बोलावलं आणि आधी विचारलं, "घरी याला काय लागतं?"