माझ्या आंबोणात तिच्या गोळ्या

मी एक जुनी म्हैस आहे, मित्रांनो, आणि आज माझं डोकं फिरलंय. आपली कहाणी हळू आवाजात सांगावी म्हणतात. मला ते जमायचं नाही.

माझा जन्म बेळगावकडच्या मच्छे गावाजवळच्या ह्याच गोठ्यात झाला. पहिल्यांदा व्याले तेव्हा मला उठताच येईना, पाय लटपटायला लागले. माझे मालक रवळूआप्पा धावत जाऊन गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. "दुधातून हिचं कॅल्शियम चाललंय," डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून कोनाड्यात माझी कॅल्शियमची बाटली असते. एक संपायच्या आत दुसरी येते. घरात कॅल्शियम म्हटलं की ते म्हशीचं, असंच सगळ्यांच्या डोक्यात बसलं.

आणि माझी धार काढणारी रुक्माबाई, आप्पांची बायको? तिचीही लेकरं अंगावर पीत होती. तिच्या अंगातून काय चाललंय, हे कुणी विचारलं? छे! माझं दूध डेअरीला, उरलेलं आप्पांच्या चहात, आणि हिच्या कपात कोरा चहा. वर्षानुवर्षं!

गेल्या महिन्यात शेण काढताना रुक्माबाईचा पाय घसरला. नुसता हात टेकला, तर मनगट मोडलं. बेळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळी गेल्यावर बायकांची हाडं लवकर झिजतात, हिची ठिसूळ झालीत. पुढच्या खेपेला खुबा मोडला तर अंथरूण धरावं लागेल. त्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. रोज भरभर चालायला सांगितलं, आणि हात बरा झाला की थोडं थोडं वजन उचलायला.

आप्पा खो खो हसले. "दिसभर राबतीया की ही! आनि कसला व्यायाम?"

अहो, कमरेत वाकून शेण काढणं आणि ताठ मानेनं चालणं एकच होय? दावं तोडून अंगावर जावंसं वाटलं मला.

पण कहर पुढेच झाला. परवा सकाळी रुक्माबाईनं एका हातानं माझ्या घमेल्यातल्या पेंडीच्या आंबोणात काहीतरी कुस्करलं. मी हुंगलं. तिच्याच गोळ्या! शिंगानं घमेलं उलथून दिलं मी. भिजलेल्या पेंडीत पांढरे तुकडे दिसले. कारखान्यात कामाला निघालेली तिची लेक रचना जागीच थांबली.

"आई, ह्या तुझ्या गोळ्या न्हवं?"

"व्हय गं. म्हशीनं खाल्ल्या तर दूध तरी वाढंल. मला घालून काय मिळणार हाय?"

रचनाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती बापाकडं वळली. "आप्पा, आईचं कॅल्शियम कुठं हाय म्हणून काल विचारलं, तर तुमी म्हशीची बाटली दावलासा!"

आप्पांनी खराटा उचलला आणि गोठा झाडायला घेतला. आता संध्याकाळी रचना आईला माळाकडं चालायला नेते. "लोक हसत्यात गं," म्हणत रुक्माबाई अर्ध्या वाटेतून परत फिरायला बघते. हसू देत मेले!

मित्रांनो, आज आईला नुसतं "गोळी घेतलीस का" विचारू नका. ती हो म्हणेल. समोर बसून घ्यायला लावा, आणि तिच्याबरोबर चाला. माझी काळजी घरानं घेतली, कारण माझं दूध विकलं जातं. तुमच्या आईनं तुम्हाला फुकट पाजलं, एवढीच तिची चूक झाली.