आधी शाळा, मग घर

सन पस्तीसच्या हिवाळ्यात हारुननं धाकट्या भावाला, महेबूबला, देवळाली कॅम्पात बोलावून घेतलं, तेव्हा गावी, देवळ्यात, सगळ्यांनाच वाटलं की महेबूबचं नशीब उघडलं. हारुनचं कॅम्पच्या बाजारात शिवणकामाचं दुकान होतं. सोल्जरांच्या खाकी पाटलोणी, साहेबांचे कोट, मडमांचे झगे. काम हातात मावत नव्हतं. महेबूब देवळ्याला शेतकऱ्यांच्या बंड्या नि पैरणी शिवायचा, तेही सुगीला आणि लग्नसराईत. बाकीचं वर्ष मशीनवर धूळ बसायची.

"बिऱ्हाडासकट ये," हारुननं सांगून पाठवलं होतं. "माझ्याकडं दुकानामागं एकच खोली हाय. तुम्ही नाशकात राहा, तू मोटारीनं जाऊन येऊन काम कर."

महेबूबची तयारी होती. बायको, माजिदा, अडून बसली.

"आधी शाळा बघायची," ती म्हणाली. "आबिदाला घेतात का, कितवीत घेतात. मग घर."

"शहर हाय ते. तिथं शाळांना काय तोटा?"

"मग बघून यायला काय जातंय?"

आबिदा त्यांची थोरली मुलगी, अकरा वर्षांची. देवळ्याच्या लोकल बोर्डाच्या मराठी शाळेत पाचवीत होती. वर्गात मुली दोनच, आबिदा आणि वाण्याची चंद्रभागा. माजिदाला स्वतःला अक्षर येत नव्हतं. पण तिची थोरली बहीण ऐन तारुण्यात विधवा झाली होती आणि दोन लेकरं घेऊन भावांच्या दारात लोकांची दळणं दळत होती. सटाण्याच्या शाळेत एक मास्तरीण होती, तीही विधवाच. ती मात्र आपल्या घरात आपल्या मर्जीनं राहायची. माजिदानं दोघींना पाहिलं होतं. आबिदानं सातवी करायची आणि मास्तरकीची वाट उघडणाऱ्या परीक्षेला, व्हर्नाक्युलर फायनलला, बसायचं, हे तिनं तेव्हाच मनाशी घट्ट धरलं. तो लांबलचक शब्द तिच्या तोंडात बसत नसे. ती नुसतं 'फायनल' म्हणायची.

धाकट्या सलीमला शेजारी लंकाबाईकडं ठेवून तिघं सर्व्हिस मोटारीनं नाशकात आले.

पहिल्यांदा ते मुलींच्या उर्दू शाळेत गेले. हेडमास्तरीण शहनाजबी वयानं बऱ्याच होत्या, आणि इतकं साफ उर्दू बोलत की माजिदाला निम्मं कळे आणि निम्मं अंदाजानं घ्यावं लागे. तिच्या घरी हिंदुस्तानी आणि देवळ्याची बोली यांची खिचडी चाले. तिनं त्याच खिचडीत विचारलं, "पोरगी पाचवीत हाय. घ्याल का?"

शहनाजबींनी आबिदापुढं एक पुस्तक धरलं. आबिदा कुराण वाचायला शिकली होती, त्यामुळे अक्षरं तिला ओळखू आली, पण उर्दूची ओळ काही पुढं सरकेना. पाटीवर नाव लिहायला सांगितलं तर तिनं मराठीत लिहिलं.

"पहिलीत बसवावं लागेल," शहनाजबी म्हणाल्या. "फार तर दुसरीत."

"तिला त्रैराशिक येतं, बाई. भूगोल येतो."

"येत असेल. पण उर्दू येत नाही. आणि माझ्याकडं वर्गच चौथीपर्यंत आहेत."

"चौथीनंतर पोरी काय करतात?"

"घरी जातात." शहनाजबींनी पुस्तक मिटलं. त्यांचा आवाज चढला, पण राग माजिदावर नव्हता. "मी दर वर्षी पाचवीचा वर्ग मागते. वरचे म्हणतात, मुली कुठं आहेत? आणि मुलींचे बाप म्हणतात, वर्ग कुठं आहे? तुम्हीच सांगा, मी कोणाला काय दाखवू?"

शेजारच्या वर्गात लहान मुली सुरात अलिफ-बे म्हणत होत्या. आबिदा दारातून आत डोकावली आणि लगेच मागं आली.

तिथून ते मुलींच्या मराठी शाळेत गेले. ही शाळा मोठी होती, सातवीपर्यंतची. भिंतीवर नकाशे होते, अंगणात मुली लेझीम खेळत होत्या. माजिदाचा जीव तिथंच गुंतला. हेडमास्तरीण वत्सलाबाईंनी तिघांना बसायला सांगितलं आणि आबिदाची परीक्षा घेतली. दोन नळांनी हौद भरायचं गणित घातलं. आबिदानं ते पाटीवर पुरतं उतरवलंही नाही, तोंडीच उत्तर दिलं. मग धडा वाचून घेतला, जोडाक्षरं लिहून घेतली, सह्याद्रीतून पूर्वेला वाहणाऱ्या नद्या विचारल्या. आबिदानं गिरणेपासून सुरुवात केली, कारण तिच्या गावाकडची नदी तीच.

"छान," वत्सलाबाई म्हणाल्या. त्यांना मनापासून आवडलेलं दिसत होतं. "माझ्या पाचवीतल्या निम्म्या मुलींना हे गणित येणार नाही."

"मग जूनपासून घालू?" माजिदानं विचारलं.

वत्सलाबाईंनी पदर सारखा केला. "असं आहे, तुमच्या मुलींसाठी वेगळी शाळा काढलेली आहे. ती असताना मी इकडं घेतलं तर वर विचारणा होते. शिवाय इथल्या पालकांचंही असतं काही ना काही. पाण्याचं, बसण्याचं. तुम्ही एक करा. उर्दू शाळेनं हिला घेता येत नाही, एवढं लिहून आणा. मग त्या कागदाच्या आधारावर मला घेता येईल."

तिघं परत उर्दू शाळेत गेले. ऊन चढलं होतं. शहनाजबींनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"घेत नाही असं मी कुठं म्हटलं? मी घेतेच आहे की. पहिलीत."

"पण पाचवीच्या पोरीला पहिलीत..."

"मुली घेत नाही असं माझ्या हातानं लिहून दिलं, तर उद्या तोच कागद मला दाखवून शाळाच बंद करतील. नाही, बाई. ते माझ्याच्यानं होणार नाही. तुम्ही ऑफिसात जा."

महेबूब आता कुरकुरायला लागला होता. त्याला भूक लागली होती, आणि दोन्ही मास्तरणींपुढं टोपी हातात धरून उभं राहायचा त्याला कंटाळा आला होता. "पोर दोन वर्षांत लग्नाची होईल," तो रस्त्यात म्हणाला. "एवढी पायपीट कशापायी?"

"चला म्हणते ना," माजिदा म्हणाली.

शाळाखात्याच्या ऑफिसात साहेब नव्हते, फिरतीवर गेले होते. कारकून होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "राहता कुठं?"

"देवळ्याला," महेबूब म्हणाला.

"मग देवळ्याच्या शाळेत घाला."

"तिथं हायच ती शाळेत. आमी नाशकात बिऱ्हाड करणार, म्हणून आधी विचारायला आलो."

"आधी या राहायला. शहरातल्या रहिवाशाचाच अर्ज घेता येतो."

माजिदानं डोक्यावरची चादर मागं सारली. "राहायला आलो आणि तुमी नाय म्हणालात, तर?"

"तर नाही."

"म्हणजे घर मोडून यायचं आणि मग नाय ऐकायचं? शाळा मिळंल का हे कळल्याबिगर मी घर कसं हलवू?"

"आणि तुम्ही इथं राहत नसताना मी अर्ज कसा घेऊ?" कारकुनानं आता वर पाहिलं, तेही महेबूबकडं. "आणि काय हो, तुमच्यात मुली सातवीपर्यंत शिकून करतात काय?"

महेबूब सकाळपासून खांदे पाडून मागं मागं चालत होता. हे ऐकलं आणि तो ताठ झाला. "तुमच्या पोरी काय करतात?" त्यानं विचारलं.

कारकुनानं दौत पुढं ओढली आणि लिहायला सुरुवात केली.

संध्याकाळी हारुनच्या खोलीत भांडण झालं. हारुन पाटलोणीला काज करत बसला होता. तो समजुतीनं म्हणाला, "पहिलीत बसवा. काय बिघडतं? आपली जबान तरी येईल पोरीला."

"भाईजान, पहिली ते चौथी चार वर्षं. ती पंधराची होईल, आणि पुढं वर्गच नाय."

"मी नाय बसणार पहिलीत," आबिदा मध्येच म्हणाली. दिवसभरात ती आपणहून पहिल्यांदाच बोलत होती. "त्या पोरी माझ्या कमरेएवढ्या हायत. मी देवळ्यालाच राहीन."

हारुननं भावाकडं पाहिलं. महेबूब पोरीला गप्प बसवील असं त्याला वाटलं होतं. महेबूब म्हणाला, "मी एकटा राहतो इथं. या दोघींना जाऊ द्या परत. त्या ऑफिसवाल्याकडून हो म्हणवून घेतल्याबिगर बिऱ्हाड आणणार नाय."

माजिदाला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. दिवसभर हिंडून हातात काय आलं, तर नवरा एका गावात आणि आपण दुसऱ्या. मोटारीत ती देवळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

महेबूब दर शुक्रवारी नमाजानंतर दुकान अर्धा दिवस बंद असे तेव्हा नाशकात येऊ लागला. साहेब कधी मीटिंगला असत, कधी रजेवर. एकदा भेटले, तर म्हणाले, अर्ज कारकुनाकडं द्या. कारकून म्हणाला, रहिवासी व्हा. महेबूबनं भद्रकालीजवळ एक खोली घेतली, तिला कुलूप लावलं आणि घरमालकाला घेऊन ऑफिसात हजर झाला. "हा बघा, झालो रहिवासी."

"कुटुंब कुठं आहे?" कारकुनानं विचारलं.

"देवळ्याला."

"मग मुलगी रहिवासी कशी?"

अखेर त्यानं अर्ज ठेवून घेतला, पण उत्तर कधी येईल हे सांगितलं नाही. खोली महिनोन्‌महिने रिकामी राहिली. तिकडं देवळ्याला माजिदा एकटीनं घर ओढत होती. सलीम बापाला विसरला. महेबूब ईदला घरी आला तेव्हा पोर लंकाबाईच्या पदराआड लपलं आणि काही केल्या त्याच्या मांडीवर येईना. लोक विचारायचे, "माजिदा, नाशकात चांगल्या शाळा असतील की. तू इथं कशाला राहिलीस?" सुरुवातीला ती सगळं सांगायची. नंतर नुसतं "राहिले" म्हणायची.

उन्हाळ्याच्या तोंडी जुन्या साहेबांची बदली झाली. नवे साहेब तरुण होते. महेबूब त्यांच्यापुढं उभा राहिला, पाठ केलेलं सगळं सांगू लागला. ते मध्येच म्हणाले, "मुलीला मराठी येतं ना? मग मराठी शाळेत जाऊ दे." त्यांनी अर्ज मागवला, त्यावर एक ओळ लिहिली, सही केली. महेबूब बाहेर आला. त्याला आनंद व्हायचा तर टेबल उलथून द्यावंसं वाटत होतं. ज्यापायी इतके महिने हेलपाटे घातले, ते काम पान खाऊन थुंकायला लागतो तेवढ्या वेळात झालं होतं.

जूनमध्ये बिऱ्हाड नाशकात आलं. आबिदा देवळ्याला पाचवी पास झाली होती, वर्गात दुसरी आली होती. शाळेच्या पहिल्या दिवशी माजिदा तिला घेऊन वत्सलाबाईंकडं गेली. बाईंनी ओळखलं, हसल्या, हुकूम काढून वाचला आणि थांबल्या.

"यात पाचवी लिहिलंय."

"अर्ज केला तेव्हा पाचवीत होती," माजिदा म्हणाली. "आता पास झाली. सहावी."

"मला कळतंय हो. पण परवानगी पाचवीची आहे. सहावीत बसवलं तर मीच पेचात येईन. बदलायचं तर परत अर्ज करावा लागेल."

माजिदाचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. "अर्धं वर्ष गेलं आमचं, बाई! माझा दादला एक ठिकाणी, मी एक ठिकाणी. लेकरू बापाला ओळखंना. तुमच्याच नियमापायी! तुमी सोता म्हणाला होता, तुमच्या निम्म्या पोरींना येत नाय ते हिला येतं. मग झालेली पाचवी पुन्हा कशापायी?"

वर्गांतून माना वळल्या. वत्सलाबाईंनी हुकुमाची घडी घातली. "मी वर लिहीन," त्या म्हणाल्या. "होईल असा शब्द मात्र देत नाही."

"चल गं," माजिदानं आबिदाचा हात धरला. "देवळ्याला जाऊ."

आबिदानं हात सोडवून घेतला. "अम्मा, खोली घेतलीय. अब्बांचं काम इथं हाय. आता परत कुठं जायचं?" आणि आईच्या उत्तराची वाट न बघता ती पाचवीच्या वर्गात शिरली. मागच्या बाजूला एका मुलीनं दप्तर उचलून जागा केली. पलीकडची एक मुलगी उठून दुसरीकडं जाऊन बसली. आबिदानं दोन्ही पाहिलं, आणि जागा केली होती तिथं मांडी घालून बसली.

माजिदा दाराशी उभी राहिली. वर्गात हजेरी सुरू झाली. मग वत्सलाबाईच हळूच म्हणाल्या, "तुम्ही जा आता. मधल्या सुट्टीत पाण्याचं काय ते मी स्वतः बघते."

वर लिहिलेल्याचं काहीच झालं नाही. आबिदानं पाचवी दुसऱ्यांदा केली, मग सहावी, मग सातवी, आणि एकोणचाळीस साली ती फायनल पास झाली. हारुननं कॅम्पातून मिठाई आणली. ज्या शहनाजबी कधी कोणाकडं जात नसत, त्याही मुबारकबाद द्यायला भद्रकालीत आल्या आणि ट्रेनिंग कॉलेजचं बघा म्हणाल्या. माजिदानं सगळ्यांचं तोंड गोड केलं. पण कोणी कौतुक करू लागलं, की तिच्या कपाळावर आठी पडायची.

"गेल्या साली व्हायची होती पास," ती म्हणायची. "एक वर्ष खाल्लं त्यांनी पोरीचं."