लिव्हरवालं पिस्तूल

भूपेशने पिस्तूल घ्यायचं काढलं तेव्हा त्याची बायको प्रेमिला वांगी चिरत बसली होती. विळीवरचा तिचा हात थांबला.

"हवेचं व्हय," तो म्हणाला. "छर्र्याचं. लायसन बी लागत नाई. कागदावर मारायचं, बस."

ती वांग्याच्या फोडी पाण्यात टाकत राहिली.

भूपेश पोलिसात होता, धानोऱ्याकडच्या जंगलात. गाडीखाली नक्षलवाद्यांचा सुरुंग फुटला तेव्हा त्याच्या शेजारी झिंगू बसला होता. झिंगू त्याच्याच भरतीचा, एका ताटात जेवणारा. झिंगू गेला. भूपेश वाचला, पण डावा कान कायमचा बंद झाला आणि डाव्या खांद्यात पोलादाची पट्टी बसली. नोकरी सुटली. तेव्हापासून दोघं ऊर्जानगरला प्रेमिलाच्या भावाच्या, सुनिलच्या क्वार्टरमध्ये राहत होते. सुनिल वीज केंद्रात पाळीवर जाई. भूपेश दिवसभर व्हरांड्यात खुर्ची टाकून चिमण्यांचा धूर बघत बसे. कोणी हाक मारली तर कधी ओ देई, कधी नाही. आणि ते काही कानामुळे नव्हतं.

पावसाळ्यात एकदा तो इरई नदीच्या पुलावर चपला काढून उभा असलेला तिला दिसला होता. तिने हाताला धरून त्याला घरी आणलं. त्यावर दोघांपैकी कोणी कधी बोललं नाही.

रात्रीच्या जेवणाला तिने विचारलं, "काऊन पाह्यजे तुमाले?"

भात कालवता कालवता तो म्हणाला, "ट्रेनिंगले मले त्या कागदापुढं लई मजा येत होती. बाकी सगळं डोक्यातून निंगून जाये. तिकडं जंगलात गेलो अन् ते बी गेलं. एवढं एक तरी वापस येते का, पाह्यतो."

पुलावरून आल्यापासून त्याने काही मागितलेलं हे पहिलंच. तिच्याने नाही म्हणवेना.

"घ्या मंग," ती म्हणाली. "पण मी संग येतो. अन् ते पेटीत राहीन, किल्ली माह्याजवळ."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिला कसली भीती आहे ते त्याला कळलं असावं. "हाव," एवढंच म्हणाला.

मूल गावाच्या रस्त्याला अजय नावाच्या एका माजी नेमबाजाने टिनाच्या शेडमध्ये नेमबाजीचा हॉल काढला होता. तिथेच तो पिस्तुलं विकायचाही, आणि चालवून पाहिल्याशिवाय कोणाला देत नसे. शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. एका टोकाला कागद टांगलेले, त्यांच्यामागे छर्रे अडवायला लोखंडी पत्रा.

"स्पर्धेसाठी पाह्यजे का मजेसाठी, भाऊ?" अजयने विचारलं.

"मजेसाठी," भूपेश म्हणाला. तो शब्द त्याच्या तोंडात परका वाटला.

अजयने आधी स्प्रिंगचं पिस्तूल दिलं. नळी जोर लावून खाली वाकवायची, छर्रा घालायचा, पुन्हा सरळ करायची. अजय भरून देत गेला आणि भूपेशने वाळूच्या पिशवीवर मनगट टेकवून चार-पाच छर्रे मारले. भोकं कागदभर विखुरली.

"स्प्रिंग सुटली का हात हालते," भूपेश म्हणाला. "छर्रा नळीतच असते तवा."

"बरोबर. मंग हे पाहा." अजयने खालच्या कपाटातून दुसरं काढलं. काळं, जड, हुबेहूब खऱ्यासारखं. "गॅसवर चालते. एकदा भरलं का मारतच राहाचं. मागचा भाग खऱ्यावानी झटका देते. पोलिसातल्या लोकायले हेच आवडते."

प्रेमिला भिंतीला टेकून उभी राहिली.

भूपेशने ते हातात घेतलं आणि त्याची पाठ बदलली. वाकलेला माणूस ताठ झाला. पाय फाकले, गुडघे किंचित लवले. मग टिनाखाली आवाजांची माळ लागली. कागदाच्या मधोमध एकच फाटकं भोक पडलं, रुपयाच्या नाण्याएवढं.

"एक नंबर, भाऊ," अजय म्हणाला.

पण भूपेश थांबला नव्हता. छर्रे संपले होते, आणि त्याचं बोट घोडा ओढतच होतं. खट्. खट्. खट्. डोळे कागदावर नव्हते. कागदाच्या पलीकडे, पत्र्याच्याही पलीकडे कुठेतरी होते. अजयचं हसू विरलं. प्रेमिला पुढे झाली, त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूने गेली आणि हळू म्हणाली, "संपलं जी ते. ठेवा खाली."

त्याने ते टेबलावर ठेवलं. कपाळावर घाम होता.

"हे नको," तो अजयला म्हणाला. "नेम चांगला हाये याचा. पण हे मले थांबू देत नाई."

अजयने आत जाऊन लाकडी मुठीचं एक लांबट पिस्तूल आणलं. नळीखाली लांब दांड्यासारखा लिव्हर होता. तो उघडून पुन्हा दाबून बसवला की एका माऱ्यापुरती हवा भरायची. दरवेळी एकच छर्रा, आणि पुन्हा तेच सगळं. झटका नाही, आवाजही टाळी वाजवल्याएवढा.

भूपेशने मूठ धरली. ती हातात बसली. घोडा त्याने दोनदा रिकामा ओढून पाहिला. मऊ होता, कुठे सुटतो ते बोटाला आधी समजत होतं. पण लिव्हर बंद करायला डाव्या हाताचा जोर लागत होता. खांद्यातली पट्टी आड आली. त्याने दात आवळले, पुन्हा जोर केला. लिव्हर अर्ध्यावर येऊन अडला.

"राहू द्या," तो म्हणाला आणि तोंड फिरवलं.

प्रेमिलाने पिस्तूल त्याच्या हातातून घेतलं. लहानपणापासून ती बापासोबत तलावात जाळं ओढत आली होती. अजयने नळीचं तोंड कागदाकडे कसं ठेवायचं ते दाखवलं. तिने लिव्हर दाबला, तो कट्कन बसला. तिने ते नवऱ्याला परत दिलं.

त्याने मारलं. पुन्हा तिने भरलं, पुन्हा त्याने मारलं. मधल्या वेळात तो श्वास घेत होता, ते तिला दिसत होतं. भोकं एकमेकांना चिकटून पडली.

"हेच द्या," प्रेमिला म्हणाली.

त्यानंतर दर रविवारी ते वीज केंद्राच्या बसने मूल रस्त्याच्या चौकापर्यंत येत आणि तिथून चालत शेडवर जात. ती भरायची, तो मारायचा. नेम त्याचा तसाच होता. पण मारून झालं की तो कागद न पाहताच मुठीत चुरगाळायचा. दिवाळी गेली, थंडी पडली. एका रविवारी ती पिस्तूल भरून उभी राहिली, आणि त्याने हात पुढे केलाच नाही.

"नाई येत मजा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "भोक पाह्यजे तिथं बराबर पडते. पण मंग झिंगू आठवते. तो हसे माह्यावर, म्हणे कागदानं तुहं काय बिगाडलं."

झिंगूचं नाव त्याने तिच्यासमोर इतक्या दिवसांत प्रथमच घेतलं.

"घरी जायचं का?" तिने विचारलं.

"भरलं हाये ते. तू मार."

तिने मारलं. छर्रा कागदाच्या काठाला लागला.

"श्वास अर्धा सोड, अन् थांब," बाकावर बसत तो म्हणाला. "घोडा ओढू नको, दाब."

तिने पुन्हा भरलं. दुसरा जरा आत आला, तिसरा त्याच्याही आत. तिच्या नकळत तिला बरं वाटलं, आणि लगेच त्याची लाज वाटली. तिने वळून पाहिलं. तो गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता. चेहरा उतरलेलाच होता, पण डोळे कागदावर होते.

"छर्रा खाली पडून राह्यला," तो म्हणाला. "थोडं वर धर."

बाहेर कोळशाचे ट्रक जात होते आणि शेडचा पत्रा हलत होता. प्रेमिलाने लिव्हर दाबला.