तीन वर्षांनी धाकटी

मित्रांनो, मी एक जुनं ओळखपत्र आहे, आणि जन्मापासून खोटं आहे. माझ्यावरचा फोटो खरा, नाव खरं, पत्ताही खरा. खोटं आहे ते जन्माचं साल आणि खाली उमटवलेला शिक्का.

झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत मला एका माणसाने तयार केलं. त्याला सगळे फॉर्मवाला म्हणत. माझ्या कडा घासून त्याने मला उजेडात धरलं आणि म्हणाला, "अस्सल दिसतंय की नाही? कोण बघतंय एवढं निरखून!" माझं कौतुक झालं ते तेवढंच.

मला घेणारी बाई इस्पितळाच्या धुलाईघरात काम करायची. अकरा वर्षं तिने उकळत्या पाण्यातल्या चादरी उपसल्या होत्या, पण रोजंदारीवर. आता कायम नोकरीची जागा निघाली होती आणि वयाची अट होती चाळीस. तिला एक्केचाळीस पूर्ण झाली होती. मी तिला अडतीस वर्षांची केलं.

तिने मला पर्सच्या आतल्या कप्प्यात, खऱ्या ओळखपत्रामागे लपवलं. त्या दिवसापासून तिची झोप उडाली. फाटकावरचा रखवालदार नुसता खाकरला तरी ती पर्स छातीशी धरायची. मुलाखत सोमवारी होती.

रविवारी तिची नणंद घरी आली. ती न्यायालयात टंकलेखनाचं काम करायची. साडीला लावायला पिन शोधताना तिच्या हाती आम्ही दोघं एकदमच लागलो.

"वहिनी," ती आम्हाला शेजारी शेजारी ठेवत म्हणाली, "ही तुझी तीन वर्षांनी धाकटी जुळी बहीण का गं?"

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. "वन्सं, मी अजून कुणाला दाखवलं नाही हो ते!"

"दाखवायचं म्हणूनच ठेवलंस ना? खोटं आहे हे ठाऊक असून, वापरायच्या बेताने जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा धरतात. असले कागद रोज टाइप करते मी. दाखवलंस तर फसवणुकीचं कलम वेगळं लागेल. आहे ती नोकरीही जाईल."

"मग आत्ता चुलीत घालते."

"आणि फॉर्मवाल्याकडे तुझा फोटो आहे, कागद आहेत, त्यांचं काय? उद्या तो तुझ्या नावाने आणखी कुणाला काय करून देईल, सांगता येईल?"

दोघी तशाच नणंदेच्या ओळखीच्या एका वकीलबाईंकडे गेल्या. वकीलबाईंनी उगाच धीर दिला नाही. "आपण होऊन गेलात तर त्याचा विचार होतो. पण गुन्हा नोंदवणारच नाहीत, अशी हमी मी देणार नाही," त्या म्हणाल्या. बाईने डोळे पुसले, पदर खोचला आणि पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढली. तिथे चार तास तिला प्रश्न विचारले. मला पाकिटात घालून वर लाख लावली.

सोमवारी ती खरं ओळखपत्र घेऊन मुलाखतीला गेली, खरं वय सांगितलं आणि नाकारली गेली. हे मला पुढे न्यायालयात तिच्याच तोंडून कळलं.

फॉर्मवाल्याच्या खोलीत माझ्यासारखी सत्तर ओळखपत्रं सापडली. खटला दीड वर्ष चालला. बाईवर खटला भरला नाही, तिला साक्षीदार केलं. उलटतपासणीत त्याच्या वकिलाने मला उंच धरून तिला दरडावलं, "हे तुम्हीच बाळगलंत ना?"

"हो. तेवीस दिवस," ती म्हणाली. "म्हणून तर याचं ओझं केवढं असतं, ते मला कुणी सांगायला नको."

फॉर्मवाल्याला शिक्षा झाली.

त्या सत्तरांपैकी नऊ जणी धुलाईघरातल्याच निघाल्या होत्या. बाईने सगळ्यांना गोळा केलं आणि नणंदेकडून अर्ज टाइप करून घेतला: आमची रोजंदारीची वर्षं वयातून वजा धरा. इस्पितळाने दोनदा अर्ज परत पाठवला. तिसऱ्यांदा मान्य केला.

आता मी न्यायालयाच्या अभिलेख खोलीत, धुळीने माखलेल्या गठ्ठ्यात पडून आहे. कुणी मला विचारत नाही, आणि तेच बरं आहे. पण एके दिवशी नणंद धावत आत आली आणि ओरडली, "माझी वहिनी कायम झाली!"

"हळू बोला, बाई," अभिलेखपाल म्हणाले.

"त्रेचाळिसाव्या वर्षी कायम झाली!" ती आणखी मोठ्याने म्हणाली. अभिलेखपालांनी चष्मा काढला आणि उठून तिचं अभिनंदन केलं.

मित्रांनो, तुमचं खरं ओळखपत्र जपा. ते कुणाच्याही हाती देऊ नका. माझ्यासारखं कुणी देऊ केलं, तर 'नुसतं खिशात असू दे' असंही म्हणू नका. आणि चुकून घेतलंच असेल, तर वेळ न घालवता जाणत्या वकिलाला गाठा आणि खरं ते सांगा. ती बाई आज पहाटपाळीला जाते, तेव्हा फाटकावर स्वतःचं वय लिहिलेलं ओळखपत्र गळ्यात दिमाखात घालून जाते.