तुमच्यातलं थोडं

मेन्यूकार्डाच्या कोपऱ्यात प्लास्टिकखाली हवेचा एक फुगा अडकला होता आणि ती तो अंगठ्याने दाबून बाहेर काढू पाहत होती – दाबला की तो सरकायचा, एका ताटलीच्या चित्रावरून दुसरीच्या चित्रावर, भातावरून पावावर, पावावरून कसल्यातरी हिरव्या सूपवर – आणि गाडीमागची बाई हातातला झारा तसाच धरून तिच्याकडे पाहत होती. त्या बाईला घाई दिसत नव्हती. पण मागे रांग होती, चार-पाच माणसं, ऑफिसातून जेवायला उतरलेली, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली, आणि आपल्यापायी कुणाचा तरी खोळंबा होतोय हे तिला मानेवर जाणवत होतं. खोळंबा करणाऱ्यातली ती नव्हे. हॉटेलात तिचं सांगून सगळ्यांत आधी व्हायचं, कारण सांगायचं ते एकच असायचं – मी तुमच्यातलं थोडं खाईन.

इथे, परक्या देशात, एकटीने ते सांगणार कुणाला?

कालचीच गोष्ट. वेटरने सगळ्यांना विचारून झाल्यावर तिच्याकडे वळून पेन सरसावलं, आणि ती तोंड उघडायच्या आत ह्यांनीच सांगून टाकलं, इंग्रजीत, मोठ्या हौसेने, की हिचं काही नाही, ही आमच्यातलं खाते. लेक हसली, जावई हसला, तीही हसली. वेटरने एक रिकामी ताटली आणून तिच्यापुढे ठेवली. चांगली मोठी, पांढरीशुभ्र ताटली… आणि तिने ती बोटाने जराशी लांब सरकवली. राग म्हणावा तर कुणाचा? कुणी वावगं काहीच बोललं नव्हतं. पस्तीस वर्षं तीच तर असं सांगत आली होती. सुरुवातीला त्याला कारण होतं – पोरगी लहान, अर्धंअधिक टाकायची, अन्न वाया जायचं. मग पोरगी मोठी झाली, टाकेनाशी झाली, कारण संपलं, वाक्य तेवढं उरलं. ह्यांनी कडेला सारलेली भाजी, लेकीने वेचून काढलेला कांदा, जावयाने भिडेखातर पुढे केलेला एक घास… पोट भरायचं, नाही असं नाही. खोटं कशाला बोलू? पण ते तिघांच्या नावडीचं जेवण होतं, आणि मी ते आवडीने जेवत होते.

आणि असं दुसऱ्यांच्या ताटलीतलं खाणारी ही बाई कोण, तर बत्तीस वर्षं सरकारी इस्पितळातली सिस्टर, त्यातली शेवटची अकरा चाळीस खाटांच्या वॉर्डची इनचार्ज. राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांना, पायातले बूट बाहेर काढा, असं सगळ्यांदेखत सांगणारी. कुणाला मऊ भात, कुणाला अळणी, कुणाला नुसतं पातळ – चाळीस पोटांची पथ्यं तोंडपाठ. एक्केचाळिसावं पोट तिचं स्वतःचं, त्याला काय हवं हे विचारायला सवड मिळाली नव्हती. किंवा मिळाली होती, आणि भीती वाटली होती – विचारलं आणि त्याने काही सांगितलंच नाही तर…

आज सकाळी ह्यांचं पोट बिघडलं. कालच्या मलईच्या सॉसचा प्रताप. नका खाऊ म्हणून तिने दोनदा बजावलं होतं. लेक-जावयाची बोटीची सफर आधीच ठरलेली, ती दोघं गेली. मीठ-साखरेचं पाणी, गोळी, अंगावर पांघरूण… ह्यांचं घोरणं सुरू झालं. लेकीचा फोन आला, आई, तू खाली जाऊन काहीतरी खाऊन घे गं. हो म्हणाली, आणि बॅगेतून बिस्किटांचा पुडा काढला. खिडकीपाशी बसून पुडा उघडायला दोरा शोधता शोधता तिचा हात थांबला. खाली रस्त्यावर जेवणाच्या गाड्या लागल्या होत्या, माणसं उंच स्टुलांवर बसून एकेकटी जेवत होती, आणि त्यात कुणालाही काही विशेष वाटत नव्हतं. चार पोळ्या लाटायला लागतो तेवढा वेळ ती नुसती बघत बसली असेल. उद्या परत निघायचं. आज नाही तर पुन्हा कधीच नाही, हे तिला इतकं स्वच्छ कळलं की पुडा बॅगेत टाकून ती उठलीच. लिफ्टमधल्या आरशात तिने ओढणी सारखी केली, केसांवरून हात फिरवला. इतकं नटून कुणाला भेटायला निघालात बाईसाहेब?

फुगा एका चित्रावर थांबला होता. भात, वर परतलेल्या भाज्या, आणि त्याच्यावर एक अख्खं तळलेलं अंडं, कडा खरपूस, मधोमध पिवळा डोळा शाबूत. तिने चित्रावर बोट ठेवलं. बाईने एक बोट उंच करून विचारलं – एकच?

"एक," ती म्हणाली. मग, जरा मोठ्याने, "माझ्यासाठी."

त्या बाईला शब्द कळणार नव्हता, पण तो स्वतःच्या कानांनी ऐकायला बरा वाटला.

ताटली गरम होती. कोपऱ्यातल्या स्टुलावर चढून बसल्यावर पाय जमिनीला टेकेनात, आणि पन्नाशी उलटलेली बाई पाय हलवत जेवतेय हेही तिच्या उशिराच ध्यानात आलं. भाजी चुरचुरीत होती. भाताला लसणाचा वास होता. कुणी चमचा पुढे करत नव्हतं, कुणी चव तर बघू म्हणत नव्हतं, आणि ती पहिल्यापासून जेवत होती, उरलंसुरलं नव्हे… घास घेता घेता तिने अंड्याच्या कडा कापून खाल्ल्या, मग कडांच्या आतलं पांढरं, गोलगोल, सराईतपणे, आणि उरलेला पिवळा डोळा चमच्याने अलगद उचलून ताटलीच्या काठाशी ठेवला. भात संपला. ताटली पुसून झाली. चमचा ठेवून, हात मांडीवर घेऊन ती बसून राहिली.

कशाची वाट बघतोय आपण?

पिवळं लेकीचं. लेक सासरी गेल्यावर पिवळं ह्यांचं. आईला पांढरंच आवडतं, लेक मैत्रिणींना सांगायची. वहिनीला पांढरंच लागतं, नणंद पाहुण्यांना सांगायची. होता होता ते घरातलं सत्य होऊन बसलं आणि तीही ते खरं मानून चालली. आज, इतक्या लांब येऊन, एकटीने घेतलेल्या ताटलीतही तिने पिवळं काढून ठेवलं होतं, आणि ते न्यायला कुणी येणार नव्हतं. तिला हसू फुटलं. मग हसता हसता वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, तिच्याच चाळिशीतल्या त्या धावपळ्या बाईसाठी, जिला कुणीच कधी, हे घे, तुझं, असं म्हटलं नाही.

एवढ्यात गाडीवाली फडकं घेऊन टेबलं पुसत आली. चमचा खाली ठेवलेला, हात मांडीवर – तिला वाटलं झालं हिचं. तिने ताटली उचलली.

"थांबा." हिने दोन्ही हातांनी ताटलीचा काठ धरला होता. आवाज वॉर्डातला होता, चाळीस खाटांपलीकडे पोचणारा. "माझं आहे ते. मी खाणार आहे."

शेजारच्या टेबलावरची ओळखपत्रं वळून पाहू लागली. पाहू देत. गाडीवालीने क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहिलं, पिवळ्या डोळ्याकडे पाहिलं, आणि ताटली जागेवर ठेवून शेजारची मिरपुडीची बाटली तिच्याकडे सरकवली. पदार्थ करणाऱ्यालाच कळतं कुठला घास कशासोबत खायचा असतो ते.

मिरपूड घालून तिने पिवळं अख्खं तोंडात टाकलं. लेक टाकायची तसं. ते जिभेवर फुटलं, गरम नव्हतं आता, पण दाट, खारट, टाळूला बिलगणारं… थोडं हनुवटीवर ओघळलं, ते तिने बोटाने निपटून चाटलं. आवडतं. मला पिवळं आवडतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी ही बातमी लागली होती आणि ती कुणाला सांगायची घाई नव्हती. मान ताठ करून ती स्टुलावरून उतरली, रस्त्याने निघाली, आणि एवढ्या परक्या माणसांतून चालताना तिला पहिल्यांदाच कुणाच्या पाठीकडे बघत चालावं लागलं नाही.

फोन वाजला. लेक होती, मागे वारा, बोटीचा भोंगा.

"आई, जेवलीस ना? ऐक, रात्रीच्या हॉटेलवाले आत्ताच विचारतायत कोण काय घेणार ते. बाबांना साधा भात सांगते. तुझं काय, नेहमीसारखंच ना, आमच्यातलं?"

हो, जिभेवर आलंच होतं. सवयीने, आपसूक. ती ते तिथेच धरून फुटपाथच्या कडेला थांबली.

"आई? ऐकू येतंय का?"

"येतंय." मग म्हणाली, "काय काय मिळतं तिथे?"



"कुणासाठी?" लेकीने विचारलं.

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. लेक गोंधळून एकेक नाव वाचू लागली, अडखळत, आणि ती डोळे मिटून ऐकत राहिली. यातलं काय हवं ते तिला अजून ठाऊक नव्हतं. संध्याकाळी ह्यांच्यासमोर बसल्यावर तोंडून काय निघेल, तेही नाही. पण न ठाऊक असण्याची आजवर वाटत आली होती तशी धास्ती आता वाटेना. तिला परत भूक लागत होती.

"सावकाश वाच," ती म्हणाली. "मी ऐकतेय."