नवागामात आलेला फौजी डॉक्टर

मी एक जुना व्हीसीआर आहे, मित्रांनो. जन्म जपानचा, पण उमेदीची वर्षं गेली सुरतेच्या नवागामात. भटूभाऊ मला आणि रंगीत टीव्हीला हातगाडीवर घालून गल्लोगल्ली भाड्यानं न्यायचा. साल ब्याण्णव असेल. रविवारी लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद असले की कामगारांची अख्खी गल्ली माझ्यासमोर बसे. माझं चित्र कधी थरथरत नसे, हे अभिमानानं सांगतो.

त्याच गल्लीत हिलाल राहायचा. धुळ्याकडचा, फौजेतून परतलेला. श्रीलंकेतल्या लढाईत त्याचा जोडीदार त्याच्या शेजारीच पडला होता. लूमची खडखड सुरू झाली की हिलालला गोळीबारच वाटे. तो कान दाबून यंत्राखाली शिरे. "फौजी भ्याला!" म्हणत लोक हसत. काम सुटलं, घरातलं बोलणंही सुटलं. थकलेल्या प्रमिलाबाईनं, त्याच्या बायकोनं, मुलांना घेऊन माहेरी जायचं ठरवलं होतं.

त्या रविवारी भटूनं मारामारीचा सिनेमा समजून कॅसेट आणली. निघाला एका फौजी डॉक्टरचा. त्याच्या इस्पितळातले जवान हातापायांनी धड, पण झोपेत किंचाळणारे.

"भटूभाई, बीजी मूको ने!" दुसरी कॅसेट लावा म्हणून पोरं ओरडू लागली.

पडद्यावर डॉक्टर एका जवानाला सांगत होता, "तू भित्रा नाहीस. तुझ्या मनाला जखम झालीय. ती बरी होते."

मागे उभा असलेला हिलाल पुढे आला. "भटू, ते परत दखाड."

भटूनं कॅसेट मागं घेतली. मी ते दृश्य स्वच्छ दाखवलं. या वेळी ओरडणारी पोरंही पुढे सरकून पाहू लागली.

"प्रमिला, मी येडा नही," हिलाल गर्दीत बसलेल्या बायकोकडे वळून म्हणाला. "माले बी हाईच व्हयेल शे." त्यालाही तेच झालं होतं, मनाला जखम.

प्रमिलाबाईनं सगळ्यांसमोर त्याचा हात धरला. "मंग सकाय दवाखानामा जाऊत."

दुसऱ्या दिवशी ती दोघं खरंच गेली. मोठ्या दवाखान्यात मनाचे डॉक्टर होते. औषधं झाली, बोलणं झालं; अधूनमधून हिलाल पुन्हा दचकायचा, प्रमिलाबाई पुन्हा घेऊन जायची. लूमवर तो परतला नाही. सुरतेतल्याच पर्वत पाटियाजवळ साड्यांच्या घड्या घालायचं शांत काम त्यानं धरलं आणि पुढच्या दिवाळीत भटूशी पोटभर गप्पा मारल्या.

आता मी माळ्यावर असतो. मित्रांनो, मी अडलो की लोक मला थापट्या मारत. त्यानं मी कधीच सुधारलो नाही; भटूनं उघडून हळुवार पुसलं, तेव्हाच चाललो. माणसाचं मन तर माझ्याहून नाजूक. तुमच्या ओळखीचं कुणी एकाएकी गप्प झालं, दचकू लागलं, तर त्याला हसू नका. डॉक्टरकडे जा म्हणून नुसतं सांगूही नका. त्याच्यासोबत जा.